पन्नास, नव्वद आणि एरंडेल

वडील गेल्यावर मुलीने काय करावं, किती दिवस करावं आणि करताना तोंड कुठल्या दिशेला असावं, याबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहून ठेवलेलं आहे. त्यांच्या मोटारसायकलच्या गिअरबॉक्समध्ये कुठलं तेल ओतावं याबद्दल मात्र शास्त्रकार गप्प आहेत. ही उणीव चंदीगड शहराने भरून काढली. या शहरात रस्ते सरळ आहेत, सेक्टरांना नंबर आहेत, आणि गिअर ऑइलबद्दल मत नसलेला पुरुष मला अजून भेटायचा आहे.

गाडी विलायती, बाबांहून थोडीशी लहान. तिचा गिअरबॉक्स इंजिनाला चिकटून असला तरी त्याचं तेल वेगळं. एकाच घरात राहून चूल वेगळी मांडलेल्या धाकट्या जावेसारखा. गाडी बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. तिच्या हँडबुकात ज्या तेलाची शिफारस आहे, ते बनवणारी कंपनीही बुडाली. शिवाय उन्हाळ्यात एक तेल आणि हिवाळ्यात दुसरं असं त्यात म्हटलेलं आहे, पण तो उन्हाळा इंग्लंडचा. आमच्याकडे तेवढं ऊन जानेवारीत धुकं फाटलं की दुपारी पडतं.

बाबा हवाई दलात इंजिनियर होते. विमानाच्या प्रत्येक स्क्रूची नोंद ठेवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि बहुधा म्हणूनच निवृत्त झाल्यावर त्यांनी कशाचीही नोंद ठेवली नाही. गाडीला काय लागतं ते त्यांना माहीत होतं. ते त्यांच्याबरोबर गेलं, सप्टेंबरात.

भेटायला येणारे लोक आधी फोटोला हात जोडायचे, मग आईला 'काही लागलं तर सांगा' म्हणायचे, आणि मग चहाचा कप घेऊन सहज पाय मोकळे करत गॅरेजपर्यंत जायचे. तिथे त्यांचा आवाज बदलायचा. एका गृहस्थांनी फोटोपाशी घालवला त्याहून बराच जास्त वेळ गाडीपाशी मान खाली घालून घालवला, आणि डोळे पुसले असतील तर तेही तिथेच.

या सगळ्यांत प्रामाणिक कर्नल धालीवाल. ते बाबांना नुसतं 'श्रीराम' म्हणणारे त्यांचे मित्र आणि इथल्या जुन्या गाड्यांच्या क्लबचे सचिव. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. तेराव्याला त्यांनी आईला सांगितलं, की उभी गाडी म्हणजे मरती गाडी. फेब्रुवारीत क्लबची रॅली आहे, सेक्टर सतरापासून सुखना तलावापर्यंत. तोवर ती रस्त्यावर आली तर उत्तम. नाही आली तर मी घेऊन जाईन, श्रीरामची अमानत म्हणून सांभाळीन. हे इतक्या मायेने सांगितलं की नाही म्हणणं कृतघ्नपणाचं दिसलं असतं. आई 'बरं' म्हणाली. तुला लोणच्याच्या बरण्यांसाठी गॅरेज हवंय, असं मी रागाच्या भरात तिला म्हणाले. तिने ते नाकारलं नाही.

मला गाडी द्यायची नव्हती. का, ते कोणी विचारलं नाही, म्हणून मलाही शोधावं लागलं नाही.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झालेला राजस मोहालीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तो एयरोसिटीत राहतो आणि सुट्टी मिळाली की हिमाचलात मोटारसायकल नेतो, म्हणून मी त्याला तज्ज्ञ समजले. त्याच्या गाडीला बॉनेट असतं तर ते त्याने कधी उघडलं नसतं, हे मला नंतर कळलं. "ताई, पहिली स्टेप पक्की आहे," तो फोनवर म्हणाला. "जुनं तेल काढून टाकायचं." दुसरी स्टेप काय, हे मी विचारलं नाही. जगातल्या बहुतेक क्रांत्या याच ठिकाणी फसलेल्या आहेत.

मी तळाचा बोल्ट काढला. काळं, दाट तेल आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात संथपणे उतरलं. थेंब थांबले, आणि मग माझ्या लक्षात आलं, की हे बाबांनी निवडलेलं शेवटचं तेल होतं आणि ते कुठलं होतं हे आता जगात कोणालाच माहीत नाही. परत ओतावं, तर त्यात धातूचा चुरा चमकत होता. मी डब्याला झाकण लावलं आणि आई चहाला हाक मारेपर्यंत तिथेच बसून राहिले.

कोणालाच माहीत नाही, हा माझा समज चुकीचा निघाला. सगळ्यांना माहीत होतं.

डबा घेऊन मी मनीमाजऱ्याच्या बाजारात सतपाल मिस्त्रींकडे गेले. त्यांनी तेलात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, डोळे मिटले आणि निकाल दिला: नव्वद नंबरचं गिअर ऑइल. यात शंका घ्यायलाच जागा नाही, कारण साहेब ते माझ्याच सांगण्यावरून घालायचे. कर्नल धालीवालांनी तोच डबा नाकाजवळ नेला, अत्तर हुंगावं तसा हुंगला आणि म्हणाले, पन्नास नंबरचं इंजिन ऑइल. गिअरबॉक्सात इंजिनाचंच तेल घालायचं ही विलायती पद्धत. सतपाल गाढव आहे. श्रीराम फक्त माझं ऐकायचा. आमच्या वरच्या मजल्यावरचे खुराना अंकल बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि त्यांनी आयुष्यात एक स्कूटर चालवली आहे, तीही सावकाश. त्यांचं मत पडलं, की जुन्या गाड्या तेल पीत नाहीत, ग्रीस खातात; हे त्यांनी जिन्यात श्रीरामजींना सांगितलं होतं आणि श्रीरामजींनी लगेच मानलं होतं. राजसने डब्याचा फोटो बघूनच सांगितलं की हे महागातलं सिंथेटिक आहे. "काका मला स्वतः म्हणाले होते, ताई. तू म्हणतोस तेच वापरतो."

एकाच डब्यात चौघांनी चार तेलं ओळखली, आणि चौघांकडे बाबांची साक्ष होती. माणूस गेला की जो तो त्याला आपल्या पक्षात ओढतो, हे मी इतिहास शिकवताना मुलांना दरवर्षी सांगते. पण ते राजे आणि पुढारी यांच्याबद्दल. एका निवृत्त विंग कमांडरच्या वाट्याला हे येईल असं वाटलं नव्हतं. चौघेही धडधडीत खोटं बोलत आहेत असं मी ठरवलं, आणि तसं ठरवल्यावर जरा बरं वाटलं.

मग मी वाचायला बसले. घरात काही झालं की मी वाचते. बाबांच्या आजारातही इतकं वाचलं की डॉक्टर माझ्याशी जपून बोलू लागले. उपयोग तेव्हाही झाला नाही.

वाचल्यावर कळलं, की पन्नास आणि नव्वद हा वादच नाही. इंजिनाच्या तेलाची मोजपट्टी एक, गिअरच्या तेलाची दुसरी. या पट्टीवरचं पन्नास आणि त्या पट्टीवरचं नव्वद जवळजवळ सारखंच दाट. म्हणजे कर्नल आणि मिस्त्री इतकी वर्षं एकाच माणसाची उंची, एकाने फुटात आणि दुसऱ्याने सेंटिमीटरमध्ये मोजून, एकमेकांना गाढव म्हणत आले होते. मी हा शोध दोघांना वेगवेगळा समजावून सांगितला. कर्नल मायेने हसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. सतपाल मिस्त्रींनी विचारलं की मॅडम कॉलेजात काय शिकवतात. मी इतिहास म्हटलं. ते म्हणाले, "अच्छा." त्या एका शब्दाने त्यांनी मला जिथे बसवलं, तिथे आमच्या प्राचार्यांनाही मला कधी बसवता आलेलं नाही.

खरा प्रश्न निराळाच होता. या गिअरबॉक्सच्या पोटात पितळेच्या जातीच्या धातूची बुशं, म्हणजे दांडे ज्यांत फिरतात त्या आखूड नळ्या, असतात. हल्लीच्या जोरदार गिअर ऑइलांत गंधकाची द्रव्यं असतात. ती पोलादाला सांभाळतात आणि पितळेला हळूहळू खातात. सगळीच खातात असं नाही. डब्यावर बारीक अक्षरात दर्जा छापलेला असतो: चार असेल तर बहुधा चालतं, पाच असेल तर बहुधा चालत नाही. या 'बहुधा'च्या हवाली बाबांची गाडी करायची माझी तयारी नव्हती.

मध्यंतरी क्लबचं पत्रक आलं. रॅलीतली प्रत्येक गाडी हयात माणसाच्या नावावर असावी, असा नियम होता. कुठल्या अनुभवातून हा नियम झाला असेल याचा विचार न करता मी गाडी नावावर करण्याच्या कार्यालयात गेले. खिडकीमागचे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी फॉर्म पाहिला आणि मालकाची सही राहिल्याचं सांगितलं. मालक वारले आहेत, म्हणूनच मी आले आहे, असं मी म्हटलं. त्यांनी खरोखर वाईट वाटून मान हलवली आणि म्हणाले, मग आधीच घ्यायला हवी होती. पुढची पायरी तपासणीची. गाडी तपासायला ती चालवत आणावी लागते. चालवायला गिअरबॉक्सात तेल लागतं. आणि वारलेल्या माणसाची गाडी नावावर होईपर्यंत चालवू नये, असंही त्यांनी काळजीने बजावलं. शेवटी अर्ज केल्याच्या पावतीवर क्लबने समाधान मानलं. सचिव कर्नल धालीवालच होते. त्यांच्या सहीत मला थोडी कीव दिसली.

आता आईचा सल्ला. तो सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत ठाम होता: एरंडेल. तिच्या माहेरी, साताऱ्याकडे, गाडीच्या आसाला एरंडेलच घालायचे आणि एकाही बैलाने तक्रार केली नाही. शिवाय ते मला लहानपणी पाजलेलं होतं आणि मी जिवंत होते. खेदाची गोष्ट अशी, की हे अगदीच चूक नव्हतं. एके काळी शर्यतीच्या मोटारसायकलींत खरोखरच एरंडेल वापरत. मी हे वाचलेलं आईला सांगायची चूक केली. त्यानंतर ती माझ्याशी सहकारी शास्त्रज्ञासारखी वागू लागली.

तेव्हा मी प्रयोग करायचं ठरवलं. प्रत्येक तेलात पितळेचा तुकडा बुडवायचा, तेल गरम ठेवायचं आणि कुठला तुकडा काळा पडतो ते बघायचं. मोठमोठ्या प्रयोगशाळांत याच धर्तीची चाचणी करतात. पितळेचे तुकडे बाजारात कुठेही मिळाले असते. पण मराठी बाईच्या घरात पितळ म्हटलं की हात आपोआप देव्हाऱ्याकडे जातो. वर्ष बाबांचं असल्यामुळे सणवार नव्हते. आईची पाच निरांजनं फडताळात रिकामीच होती. तेलंही, ग्रीस धरून, पाच होती. याला मी योग समजले.

आई मनीमाजऱ्यात भाजीला गेलेली पाहून मी मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, त्यात पाच वाट्या, वाट्यांत पाच तेलं आणि प्रत्येकात एक निरांजन. पहिल्या तासात काही झालं नाही. दुसऱ्यात वास सुटला. गॅस गळला तर कळावं म्हणून त्यात मुद्दाम घालतात तो वास आणि गरम गिअर ऑइलचा वास हे एकाच गंधकाच्या घराण्यातले. माझं नाक तोवर मेलं होतं. खुराना अंकलचं जिवंत होतं. त्यांनी जिन्यातून ओरडून मला काहीही पेटवू नकोस असं सांगितलं, तेव्हा शेगडीच्या दोन्ही ज्योती मोठ्या होत्या. नंतर त्यांनी अग्निशमन दलाला फोन केला आणि मग, अधिक तातडीने, सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला.

दल आलं. हेल्मेट घातलेले तिघे स्वयंपाकघरात शिरले आणि थबकले. समोर पांढरा सलवार-कमीज घातलेली बाई, वाफेने धुरकट खोली, उकळतं पातेलं, त्यात तेलाने भरलेल्या वाट्या आणि वाट्यांत पूजेची निरांजनं. दाराशी बाबांचा हार घातलेला फोटो. त्यांच्यातल्या वयस्कर माणसाने हेल्मेट काढलं. "पूजा चल रही है जी?" त्याने हळूच विचारलं. मी गिअर ऑइलच्या गंधकयुक्त द्रव्यांबद्दल बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात मागून खुराना अंकलनी सगळं समजल्याच्या आवाजात सांगितलं, की हे मराठी लोक आहेत, घरात मृत्यू झालाय, यांच्यात असं असतं. तिघांनी पातेल्याला हात जोडले आणि एकही खिडकी न फोडता निघून गेले. संध्याकाळी सौ. खुराना बाटलीभर मोहरीचं तेल घेऊन आल्या. विधीत चालत असेल तर आमच्याकडूनही, म्हणाल्या. मी ते घेतलं. मराठी संस्कृतीचं त्या दिवशी जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दल गेल्यागेल्या आई परतली होती; तिने पिशवी खाली ठेवली आणि पातेल्यात पाहिलं. निरांजनं एकेक बाहेर काढून ओट्यावर मांडली. पाच दर्जाच्या सिंथेटिकमधलं शाईसारखं काळं पडलं होतं. ग्रीसमधलं डागाळलं होतं. पन्नास नंबरमधलं आणि चार दर्जाच्या नव्वदामधलं जसंच्या तसं होतं. एरंडेलातलं चकाकत होतं. आईने काळं निरांजन चिंचेने घासलं, राखेने घासलं. काळं गेलं नाही.

"हे कुठल्या तेलातलं?"

"राजसच्या."

"मग त्या मुलाला सांग, स्वतःच्या गाडीत पण घालू नकोस म्हणावं," ती म्हणाली, आणि चकाकणारं निरांजन माझ्यासमोर सरकवलं.

शास्त्राशी प्रामाणिक राहायचं तर आई जिंकली होती. पण एरंडेल काही दिवसांत चिकट होऊन बसतं, असं मी वाचलं होतं. मी नव्वद नंबरचं, चार दर्जाचं, साधं गिअर ऑइल ओतलं. ओतताना मागे कोणी उभं नव्हतं. असं तेल ओतताना मागे कोणी उभं असावं, हे त्या क्षणापर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

रॅलीच्या सकाळी सेक्टर सतरात जुन्या गाड्यांची रांग लागली. त्यांच्याभोवती जुने पुरुष होते आणि प्रत्येकाच्या गाडीखाली आपापला डाग होता. माझ्या गाडीखालीही थोड्या वेळात पडला, तेव्हा मला समाजात घेतल्यासारखं वाटलं. या गाडीचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला आहे. पहिल्या चौकात मी गिअर बदलायला गेले आणि ब्रेक दाबला; मागच्या सरदारजींनी मला पंजाबीत जे सांगितलं ते मी वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात नाही. पहिला गिअर लोखंडी कपाट सरकवल्यासारखा पडला. दुसरा जरा कुरकुरला. तिसरा कधी पडला ते मला कळलंच नाही. बाबा म्हणायचे, पडलेला कळला तर तो गिअर नव्हे, धक्का. मी तलावापर्यंत तिसऱ्यातच गेले. गरज नसताना एकदा दुसऱ्यात आणून पुन्हा तिसरा टाकला.

तलावाशी मी गाडी स्टँडला लावते न लावते तोच सतपाल मिस्त्री आले. ते इतर चार गाड्यांच्या दिमतीला आले होते. कुठलं तेल घातलं, हा त्यांचा पहिला प्रश्न. मी खरं सांगायला सुरुवात केली असती तर दर्जा चार, दर्जा पाच, निरांजन, गंधक असं सगळं आलं असतं आणि शेवटी पुन्हा एक 'अच्छा'. मी दमले होते. "तुम्ही सांगितलं तेच," मी म्हटलं, आणि नंबरापुरतं ते खरंही होतं. ते इतके खूश झाले की त्यांनी आपल्या फडक्याने माझी टाकी पुसून दिली. मग खुराना अंकल आले, खास गाडी करून, सहकुटुंब. त्यांना मी ग्रीस म्हणाले. आता यात खऱ्याचा अंश नव्हता, पण जीभ अडखळली नाही. राजसला मी सिंथेटिक सांगितलं. "बोललो होतो ना, ताई," तो म्हणाला आणि गाडीबरोबर स्वतःचा फोटो काढून घेतला. इतके महिने वाद घालून जी शांतता मिळाली नाही, ती तीन वाक्यांत मिळाली होती. हे कोणीतरी मला आधी शिकवायला हवं होतं.

शेवटी कर्नल धालीवाल आले. गाडीभोवती त्यांनी एक फेरी मारली. गाडी रस्त्यावर आली होती, पण निकाल अजून त्यांचा होता, आणि आई त्यांना 'बरं' म्हणून बसली होती.

"कौन सा डाला, बेटे?"

"आपने जो बोला था, अंकल. पचास नंबर."

मी त्यांच्या डोळ्यांत बघून हे सांगितलं. ते वाकले. गिअरबॉक्सखाली लोंबणारा थेंब त्यांनी बोटावर घेतला आणि हुंगला. गिअर ऑइलला जो वास येतो तो इंजिनाच्या तेलाला येत नाही. ज्या वासाने अग्निशमन दल येतं तो कर्नलांना कळला नाही असं होणं शक्य नव्हतं.

"तेरा बाप भी यही बोलता था," ते सरळ होत म्हणाले. "हर बार. ऐसे ही, आँख में आँख डाल के." त्यांनी रुमाल काढला, आधी बोट पुसलं आणि मग, तेवढ्याच नीटपणे, डोळे. "एक दिन भी नहीं डाला उसने."

म्हणजे चौघांतलं कोणीच खोटं बोललं नव्हतं. सप्टेंबरपासून मी फक्त बोलत होते आणि वाचत होते.

मागे हॉर्न वाजला. कर्नलांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि आवाज पुन्हा सचिवाचा केला.

"चल, अपनी गाड़ी आगे ले, बेटे. पीछे मेरी अटकी पड़ी है."

मी किक मारली, उजव्या पायाने पहिला गिअर टाकला आणि माझी गाडी पुढे घेतली.